पाडवा ते पाडवा: वर्षभर नाटकं बघण्याच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

मुदत आजपासून पुढच्या पाडव्यापर्यंत, ३० मार्च २०२५. ठिकाण पुणे. म्हणजे इथली नाट्यगृहं: बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर, सुदर्शन, चिंचवडचं रामकृष्ण मोरे, आणि अधूनमधून मुंबई. लक्ष्य आठवड्याला एक नाटक, एकूण ५२.

वाटणी अशी: व्यावसायिक २४, प्रायोगिक १२, संगीत नाटकं ६, एकांकिका आणि हौशी स्पर्धा ६, बाकी (हिंदी, इंग्रजी, संगीतिका) ४. खर्चाचा अंदाज: २४ × ४०० = ९,६००, १२ × २०० = २,४००, ६ × ३०० = १,८००, ६ × १०० = ६००, ४ × १,००० = ४,०००. तिकिटांचे १८,४००, प्रवासाला ११,६००, एकूण ३०,००० रुपये. मध्यंतरातला चहा धरलेला नाही हे लिहितानाच लक्षात आलं, तरी आकडा तसाच ठेवला. ही पहिली चूक.

वहीचे रकाने: तारीख, नाटक, नाट्यगृह, प्रयोग क्रमांक, आसन, तिकीट, जाहीर वेळ, पडदा उघडल्याची वेळ, मध्यंतर किती मिनिटं, संपल्याची वेळ, कोणाच्या जागी कोण होतं. ‘कसं वाटलं’ हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो आपोआप भरतो आणि मग बाकीचे रिकामे राहतात.

१४ एप्रिल, रविवार

पहिल्याच रविवारी दोन प्रयोग, दुपारी साडेबाराचा आणि संध्याकाळी साडेपाचचा, एकाच नाट्यगृहात. पार्किंग एकदाच, फेरी एकदाच, असा हिशेब. पहिलं नाटक ३:२५ ला सुटलं, मध्ये दोन तास मिळाले. तरी दुसऱ्या नाटकाचा पहिला अंक डोक्यात शिरलाच नाही. रात्री वही बघितली तर दोन्हींतल्या पात्रांची नावं एकमेकांत मिसळलेली. यापुढे एका दिवशी एकच. मुंबईच्या फेरीपुरता अपवाद, कारण तिथे भाडंच तिकिटाच्या वर जातं.

दुसरी गोष्ट, अंधारात टिपणं घेणं. मोबाइलचा उजेड अगदी कमी करूनही मागच्या रांगेतून ‘अहो, बंद करा ते’ आलं, आणि ते बरोबरच होतं. कागदावर न बघता लिहिलेलं घरी वाचता आलं नाही, ओळीवर ओळ चढलेली. आता पद्धत अशी: मध्यंतरात दोन ओळी, आणि सुटल्यावर गाडीपर्यंत चालताना मोबाइलवर आवाजात पाच मिनिटं नोंद. ही शेवटपर्यंत टिकली.

२७ एप्रिल, शनिवार

जाहिरातीत ज्याचा फोटो, तो कलाकार नव्हता. तिसऱ्या घंटेआधी ध्वनिक्षेपकावर सांगितलं. पैसे परत मिळत नाहीत, मागायचेही नसतात. बदली नट लिहिलेलं स्वच्छ बोलत होता, पण समोरच्याचे पंच, म्हणजे हशाची वाक्यं, त्याच्या वाक्यावर चढत होते. दोघांच्या श्वासाची गणितं अजून जुळलेली नव्हती. असं ज्यांना चालणार नाही त्यांनी प्रयोगाच्या आदल्या दिवशी नाटकाच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पानावर बघावं, रिप्लेसमेंट असेल तर बहुतेक वेळा तिथे येतं.

जाहिरात वाचण्याबद्दल: रविवारच्या पेपरातल्या चौकोनात ‘प्रयोग क्र.’ छापलेला असेल तर तो वहीत घ्या. ‘मर्यादित प्रयोग’ला अर्थ असतो, कारण कलाकारांच्या तारखा खरंच अडकलेल्या असतात. ‘शेवटचे काही प्रयोग’ला नसतो. नंतरची भर: एक नाटक एप्रिलमध्ये शेवटचे प्रयोग करत होतं आणि डिसेंबरमध्येही शेवटचेच करत होतं.

१२ मे, रविवार

प्रयोग रद्द. पुण्याचं मतदान दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, आणि नाट्यगृहाची तारीख निवडणुकीच्या कामासाठी काढून घेतलेली. निर्मात्याकडून निरोप आदल्या रात्री. तिकिटाचे पैसे सहा दिवसांनी परत आले, बुकिंगची फी आली नाही. कॅलेंडर समोर होतं, मतदानाच्या आसपास सरकारी नाट्यगृहं धोक्यात असतात हे ठाऊक होतं, तरी बुकिंग केलं. विधानसभा या वर्षातच आहे, तेव्हा हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

१ जून, शनिवार

मुंबईची पहिली फेरी झालीच नाही. दादरच्या शिवाजी मंदिरला दुपारी चारचा प्रयोग, तिकीट ५०० रुपये, तीन आठवडे आधी काढलेलं. ठाणे आणि सीएसएमटीच्या फलाटांच्या कामासाठी ३१ मेपासून ६३ तासांचा मेगाब्लॉक, पुणे-मुंबईच्या बऱ्याच गाड्या रद्द. जाहीर आधीच झालं होतं, बघितलं नव्हतं. बसचा विचार केला, पण गाड्या रद्द झाल्याने सगळे रस्त्यावर. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला, त्यामुळे परतावा नाही. ५०० रुपये पूर्ण बुडाले.

मुंबईच्या तिकिटाआधी आता तीन गोष्टी तपासायच्या: ब्लॉक, सामना, मोर्चा.

५०० चा आकडा सगळीकडे का दिसतो, तेही लिहून ठेवतो. नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्यापुढे १८ टक्के लागतो. ५५० चं तिकीट लावलं तर प्रेक्षकाला ते ६४९ ला पडतं. म्हणून पहिल्या रांगा ५०० ला येऊन थांबतात. ऑनलाइन बुकिंगच्या फीवर मात्र कर आहेच. आपल्या वहीत दर व्यवहाराला सरासरी ३६ रुपये जास्तीचे गेले. नाट्यगृहाच्या खिडकीवर हे लागत नाहीत, आणि खिडकीवरच्या माणसाला ‘खांब नको, पंख्याखाली नको’ असं सांगता येतं. ॲपला सांगता येत नाही.

१६ जून, रविवार: आसनांचा हिशेब

अकरा प्रयोगांत अकरा वेगळ्या जागा घेऊन बघितल्या. हे मुद्दाम केलं आणि याचा उपयोग वर्षभर झाला.

पहिल्या तीन रांगा: मान वर, रंगमंचाची कड डोळ्यांच्या रेषेत. जमिनीवर पडलेली वस्तू दिसत नाही. एका रहस्यनाटकात चिठ्ठी खाली पडते आणि कोचाखाली सरकते, सगळं नाटक त्यावर फिरतं. दुसऱ्या रांगेतून ती पडलेली दिसलीच नाही, मागचे लोक का चपापले ते मध्यंतरात विचारून कळलं. महागात महाग तिकीट हेच.

सहावी ते दहावी रांग, मधला भाग: चेहराही दिसतो, पूर्ण चौकटही दिसते. व्यावसायिक नाटकाला हीच जागा.

कडेच्या चार खुर्च्या: बॉक्स सेट (तीन भिंतींच्या खोलीचं नेपथ्य) असेल तर जवळच्या बाजूची भिंत आडवी येते आणि त्या बाजूच्या दारातली एंट्री कळतच नाही. उलट समोरच्या विंगेत उभा असलेला नट मात्र दिसतो, पाणी पितो, घाम पुसतो, मग रडत रडत आत येतो. काहींना याची मजा वाटते. नाटक पहिल्यांदा बघत असाल तर टाळा.

बाल्कनीखालच्या शेवटच्या चार-पाच रांगा: वर छत बसकं, आवाज दबून येतो. इथे तिकीट स्वस्त नसेल तर घेऊच नये.

बाल्कनीची पहिली रांग: प्रकाशयोजना आणि हालचालींची रचना बघायची असेल तर सगळ्यांत उत्तम. पुढच्या कठड्याचा त्रास उंची कमी असलेल्यांना होतो. तेव्हा दुसरी रांग.

२९ जून, शनिवार

टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना रात्री आठला आणि आपला प्रयोग साडेनऊचा. सामना आहे हे माहीत होतं. तरी गेलो, कारण रिकाम्या नाट्यगृहात विनोदी नाटक कसं चालतं हे बघायचं होतं. एक तृतीयांश भरलं असेल. पहिला अंक पडला. नट हशासाठी थांबतात, हशा येत नाही, त्या थांबण्याच्या जागा उघड्या पडतात. पंधराव्या मिनिटाला मुख्य नटाने थांबणंच काढून टाकलं आणि सगळ्यांना घेऊन सुसाट निघाला. अंक नेहमीपेक्षा सहा मिनिटं लवकर संपला. मध्यंतरात व्यवस्थापकाने मागच्यांना पुढे बसवलं आणि दुसरा अंक एकदम उभा राहिला: तेवढीच माणसं, फक्त खांद्याला खांदा. साडेअकराच्या सुमारास बाहेर फटाके सुरू झाले. नायिका एकटी बोलत होती. ती थांबली, खिडकीकडे बघितलं, आवाज ओसरू दिला आणि तिथूनच पुढचं वाक्य उचललं. टाळ्या नाटकाला की सामन्याला, कोण जाणे.

२८ जुलै, रविवार

गुरुवारी, २५ तारखेला, पुण्यात पूर. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदीकाठचे रस्ते बंद. त्या संध्याकाळी एका छोट्या रंगमंचावर प्रायोगिक दीर्घांक (लांब एकांकी नाटक) होता, देणगी प्रवेशिका २५० रुपये. संस्थेने दुपारी दोनलाच रद्द केला आणि संध्याकाळपर्यंत यूपीआयवर पूर्ण पैसे परत. ॲपमधून सहा दिवस लागले होते त्याच्याशी ताडून बघा. प्रायोगिकवाल्यांचा व्हॉट्सॲप गट असतो, त्यात नंबर टाकून ठेवावा. निम्म्या प्रयोगांची जाहिरात तिथेच होते, दुसरीकडे कुठे नाही. जुलैपर्यंत हे न केल्यामुळे निदान तीन प्रयोग हातचे गेले.

पावसाळ्याची आणखी एक नोंद. तिकिटांची पाकिटात ठेवलेली थर्मल कागदं कोरी झाली. आसन क्रमांकाचा सगळा हिशेब त्यांवर. आता खुर्चीत बसल्या बसल्या, नाटक सुरू व्हायच्या आत फोटो.

१८ ऑगस्ट, रविवार

पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी, भरत नाट्य मंदिर. १९६३ पासून चालू असलेली महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. एका बैठकीत तीन एकांकिका. प्रश्न: याची नोंद एक की तीन? आधी तीन धरल्या आणि लक्ष्य झपाट्याने जवळ यायला लागलं. ती लबाडी आहे. खोडून एक बैठक = एक नोंद केलं.

बघणाऱ्यासाठी: जागा लवकर भरते, कॉलेजचा गट आधीच्या संघाच्या वेळेपासून बसलेला असतो. घोषणा ऐकायच्या नसतील तर मागे बसू नका, आवाज तिथूनच निघतो. दोन एकांकिकांमधला वेळ हाच खरा बघण्याचा: नेपथ्य हातोहात येतं, लेव्हल्स (रंगमंचावरचे उंचवटे) लागतात, प्रॉपर्टीचं टेबल मांडलं जातं. मोजका वेळ, आणि कोण ओरडतंय, कोण शांतपणे खिळा ठोकतंय, यावरून पुढची एकांकिका कशी जाणार याचा अंदाज येतो. चारपैकी तीनदा तरी बरोबर ठरला.

२२ सप्टेंबर, रविवार

७ ते १७ सप्टेंबर गणपती. या अकरा दिवसांत शून्य प्रयोग ठरवले आणि शून्यच बघितले. मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळी बंद असतात, हट्ट करू नये. आता पितृपक्ष. नवीन नाटक या दिवसांत सहसा कोणी उघडत नाही, पण चालू नाटकांचे प्रयोग असतात आणि हवी ती जागा मिळते. म्हणून मुंबई आज.

सकाळी डेक्कन क्वीन, दहाच्या सुमारास दादर. शिवाजी मंदिर स्टेशनपासून चालत. सकाळी अकराचा प्रयोग आणि दुपारी चारचा, दोन वेगळी नाटकं. एप्रिलमधल्या नियमातला मुंबईचा अपवाद वापरला. या वेळी मध्ये तासभर बागेत नुसतं बसून राहिल्याने दुसरं नाटक डोक्यात शिरलं. ६:५० ला सुटलं. परतीचं तिकीट आधी काढलेलं नव्हतं आणि रविवारी संध्याकाळी पुण्याच्या बसला मोठी रांग. घरी रात्री बारा. परतीची सोय जाताना करून ठेवायची, सुटण्याच्या वेळेत एक तास जास्त धरून.

कोणत्या नाटकाची किती मिनिटं, हे आता वहीतून सांगता येतं: जाहीर वेळ आणि पडदा यांत सरासरी १४ मिनिटं, मध्यंतर नावाला १०, प्रत्यक्षात १७ ते २०. साडेपाचचं दोन अंकी नाटक साडेआठच्या आत सुटतं, मेट्रो मिळते. साडेनऊचं सव्वाबाराला, तेव्हा मेट्रो नाही, रिक्षावाला मीटर टाकत नाही. रात्रीच्या प्रयोगाला स्वतःची गाडी किंवा सोबत.

६ ऑक्टोबर, रविवार: चुकलेलं गाव

ॲपवर शहर ‘मुंबई’ राहिलं होतं. आचार्य अत्रे रंगमंदिराचं तिकीट काढलं, पिंपरीच्या. निघालं ते कल्याणचं. दोन्हीकडे त्याच नावाचं रंगमंदिर आहे. ४०० रुपये गेले. विष्णुदास भावे म्हटलं तरी हीच गत, एक वाशीला, एक सांगलीला. यशवंतरावांच्या नावाची किती ते मोजायलाच नको. नाट्यगृहाच्या नावापुढे गावाचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

२० ऑक्टोबर, रविवार: संगीत नाटक

या प्रकारात सगळ्यांत जास्त चुका झाल्या, म्हणून सविस्तर.

पहिलं, लांबी. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ चं. तेव्हा रात्र जागून बघायची गोष्ट. आज जे होतं ते बहुतेक तीन तासांत बसवलेलं. प्रत्येक संस्थेचं संपादन वेगळं. एकीकडे आवडतं पद असतं, दुसरीकडे प्रवेशासकट उडालेलं असतं. विशिष्ट पदासाठी जाणार असाल तर संस्थेला फोन करून विचारा, न लाजता सांगतात. न विचारता गेल्याने एक अख्खी संध्याकाळ ‘आता येईल’ म्हणत गेली.

दुसरं, जागा. ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात असतात. पहिल्यांदा दुसऱ्या रांगेत नेमकी तबल्याच्या बाजूची खुर्ची घेतली. सम (तालाची पहिली मात्रा) आली की कानावर थाप, गायिकेचे शब्द थापेखाली. नाट्यपदात शब्द गेला की अर्धं पद गेलं. पुढच्या वेळी ऑर्गनच्या बाजूला, सातव्या रांगेत: ऑर्गनचा भरणा खालून, आवाज वरून, आणि तबलजी गायिकेच्या ओठांकडे कसा बघत बसलेला असतो तेही दिसतं. ती ताना घेत लांबवते, तो ठेका सांभाळत थांबतो. तिची मान किंचित खाली झाली की तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. हे समोरच्या मधल्या खुर्चीतून कळत नाही, तिरक्या जागेतूनच दिसतं.

तिसरं, माइक. टांगलेल्या माइकच्या खाली उभं राहिलं की आवाज भरून येतो, दोन पावलं मागे गेलं की पडतो. जुने गायक नट ही पावलं मोजून टाकतात. नवे कधीकधी अभिनयाच्या ओघात बाहेर पडतात. कॉलर माइक लावला तर आवाज सलग येतो, पण शालू सळसळला की ते सगळ्यांना ऐकू जातं. कोणती व्यवस्था आहे ते पहिल्या पदात कळतं आणि त्यानुसार मध्यंतरानंतर जागा बदलता येते, डोअरकीपरला विचारून.

वन्स मोअरबद्दल: आता क्वचित मिळतो. मिळाला तर घड्याळ बघू नका, शेवटची बस आधीच गेलेली असते.

सहा ठरवली होती, आतापर्यंत दोन झाली. संगीत नाटकांचे प्रयोग कमी लागतात आणि बरेचसे आठवड्याच्या मधल्या वारी. शनिवार-रविवार धरून आखलेली वाटणी इथे कोसळते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला सांगलीला विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ झालं. नाट्यगृहांत नटराजपूजन, काही ठिकाणी मोफत कार्यक्रम. प्रयोग बघितला नाही, नोंद नाही.

२० तारखेला विधानसभेचं मतदान, २३ ला निकाल. मे महिना आठवून १० ते २३ नोव्हेंबर काहीच बुक केलं नव्हतं. तरी एक गेलंच: ९ तारखेचा प्रयोग, सभेसाठी नाट्यगृह दिलं म्हणून. म्हणजे मतदानाआधीचे दहा दिवस धरून चालू नये, पंधरा धरावेत.

१५ डिसेंबर, रविवार

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. तिकीट नाममात्र. पाच दिवसांत तीन नाटकं. पूर्ण लांबीची, हौशी मंडळींची, नोकरी सांभाळून केलेली. यातलं एक वर्षभरातल्या सगळ्यांत चांगल्या चारांत बसलं आणि एक मध्यंतरात सोडलं. सोडलेलंही मोजलं आहे, वहीत ‘अर्धं’ असं लिहून. बुकिंग लागत नाही, पण संहितेचं नाव बघून जा: परीक्षकांना गंभीर आवडतं असा समज असल्याने लागोपाठ तीन दिवस फाशी, दंगल आणि स्मशान बघायला मिळू शकतं.

२२ डिसेंबर, रविवार: तेच नाटक, दुसऱ्यांदा

एप्रिलमध्ये २२ वा प्रयोग बघितला होता, आज ११८ वा. तेव्हा कोथरूडला, आता चिंचवडला. वर्षात सगळ्यांत कामाची नोंद हीच, त्यामुळे जमल्यास प्रत्येकाने एका नाटकाबाबत करावी.

पहिला अंक ७१ वरून ६४ मिनिटांवर. कापलेलं काय? शेजाऱ्याची दुसरी एंट्री, ज्यात हशा होता पण गोष्ट पुढे जात नव्हती. एक विनोद राहिला आहे, पण वाक्य बदललं: आधी तिघांच्या तोंडी तुकड्यातुकड्याने होता, आता एकाच्या तोंडी. नेपथ्यातला जिना गेला. दौऱ्यावर टेम्पोत बसत नसणार. त्याऐवजी दोन पायऱ्यांचा कट्टा. जिन्यावरून उतरताना नायिका जे वाक्य बोलायची ते आता ती उभ्याने, पाठमोरी बोलते, आणि ते जास्त लागतं. अडचणीतून निघालेली गोष्ट दिग्दर्शनासारखी दिसते. वडिलांची भूमिका करणारा नट दुसऱ्या अंकात बरंच खालच्या पट्टीत गेला आहे. शंभर प्रयोगांत त्याने प्रेक्षक कुठे ऐकायला वाकतो ते हेरलं असावं.

वेळा लिहिलेल्या नसत्या तर यातलं निम्मं ‘आधीपेक्षा बरं वाटलं’ इतकंच उरलं असतं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

खोकला. तिकीट ३०० रुपयांचं, गेलो नाही. खोकणाऱ्याने जाऊ नये. शांत नाटकात एक खोकला चार वाक्यं खातो. तिकीट कोणाला तरी देता आलं असतं. सकाळी ठरवलं असतं तर.

२ फेब्रुवारी, रविवार

मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर. काल रात्रीचा प्रयोग, हिंदी. इथली रीत वेगळी: खुर्च्यांना क्रमांक नाहीत, साधारण २०० माणसं, प्रेक्षक तीन बाजूंनी. रांगेत आधी उभा त्याला जागा आधी. वेळ झाली की दार बंद, मग तिकीट असो वा नसो. पुण्याची १४ मिनिटांची सवय घेऊन जाऊ नका. मधल्या भागात जागा मिळवण्यासाठी पाऊण तास आधी रांगेत. कडेला बसलं तर पाठी बघायला मिळतात, पण चांगला दिग्दर्शक त्या पाठीही बसवतो. कालच्या नाटकात बसवल्या होत्या.

२५ जानेवारीपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आहे. मुंबईची फेरी तिकिटापेक्षा महाग पडते ती आणखी महाग झाली. जानेवारीअखेर मेट्रोची वेळ रात्री अकरापर्यंत गेली, ही एक बरी गोष्ट. मात्र साडेनऊच्या प्रयोगाला तीही पुरत नाही.

१५ मार्च, शनिवार

मुंबईच्या बीकेसीतलं २,००० आसनांचं ग्रँड थिएटर, परदेशी संगीतिका. तिकीट ३,०००, वर १८ टक्के, ३,५४०. सगळ्यांत स्वस्त नव्हतं, पण मधल्या दराचंही नव्हतं, त्याखालचं. वरच्या भागातून चेहरे दिसत नाहीत, दुर्बीण नेली होती ती उपयोगी पडली. तांत्रिक बाजू डोळे दिपवणारी: दृश्य बदलताना ब्लॅकआउट नाही, एक जागा सरकत दुसरी होते, माइक नटांच्या केसांत लपवलेले, गाण्याचा एक शब्द निसटत नाही. शिस्तही तशीच. पण एकही नट त्या दिवशीच्या प्रेक्षकाकडे बघून काही कमी-जास्त करताना दिसला नाही, आणि तसं करायचं नसतंच तिथे. २९ जूनच्या रात्री मुख्य नटाने थांबणं काढून टाकलं होतं ती गोष्ट या यंत्रात होऊच शकत नाही. दोन्ही बघावं. एका तिकिटाच्या पैशांत आठ मराठी नाटकं आली असती, हा हिशेब परतीच्या बसमध्ये टाळता आला नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

बुकिंग ४७, बघून झाले ४१. व्यावसायिक २१, प्रायोगिक ९, संगीत ४, स्पर्धा ५ बैठका, इतर २. हुकलेले ६: नाट्यगृहाची तारीख गेली म्हणून २, मेगाब्लॉक १, पूर १, चुकीचं गाव १, खोकला १.

खर्च, रुपयांत. बघितलेल्या प्रयोगांची तिकिटं १६,९०० (व्यावसायिक ८,९००, प्रायोगिक २,२५०, संगीत १,२००, स्पर्धा ४१०, इतर ४,१४०). बुडालेले १,२७२, त्यात ७२ परत न आलेल्या फीचे. बाकी २९ ऑनलाइन बुकिंगची फी १,०४४. मुंबईच्या तीन फेऱ्या ३,४६०. पुण्यातल्या पुण्यात पेट्रोल, पार्किंग, रात्रीच्या रिक्षा ६,१८०. मध्यंतरातला वडा आणि चहा ३,२९०. एकूण ३२,१४६. अंदाजापेक्षा २,१४६ जास्त, आणि वडा-चहा काढला तर अंदाजाच्या आतच.

५२ गाठायचे असतील तर शनिवार-रविवार पुरत नाहीत. गणपती, दिवाळी, दोन निवडणुका, लग्नसराई वजा जाता पुण्यात कामाचे शनिवार-रविवार चाळीसच्या आसपास उरतात. आठवड्यातल्या मधल्या वारांचे प्रयोग धरले तरच जमेल, आणि तिथे संगीत आणि प्रायोगिकच जास्त असतं. पुढच्या वाटणीत व्यावसायिक १८, प्रायोगिक १४, संगीत ८.

बालगंधर्वच्या खिडकीवरून पुढच्या रविवारचं एक काढलं आहे: साडेपाच, सातवी रांग, ऑर्गनची बाजू. फोटो काढून ठेवला.